एक्केचाळीस उदाहरणे

पौड, सोमवार, ९ जानेवारी १९६१

शाळेची रोजनिशी मी चौदा वर्षे लिहीत आलो आहे. ही वही निराळी आहे. हिच्यात जे लिहीन ते कोणाच्याही अवलोकनासाठी नाही. म्हणून भाषेची शिस्त अधिकच पाळली पाहिजे. ज्या लिखाणाला वाचक नाही त्यात माणूस चटकन सैल पडतो.

परवा बुधवारी सौ. वत्सलेस जाऊन चार महिने होतील. विषमज्वराने तेरा दिवसांत गेली. नवऱ्याच्या आधी गेली म्हणून गावातील बायका तिला भाग्यवान म्हणतात. ज्याच्या जगण्यावरून हे भाग्य मोजले जाते, त्याला त्याबद्दल अद्याप कोणी विचारलेले नाही.

आज संस्थेच्या पुण्याच्या कार्यालयाकडून एक छापील नमुना आला: पदार्थविज्ञानाचे शिक्षक श्री. वाल्मीक ढमाले यांच्याविषयी मुख्याध्यापकाचा गोपनीय अहवाल. नऊ रकाने आहेत. मार्चअखेर भरून पाठवावयाचा. मी शिफारस केल्यास ते सेवेत कायम होतील. न केल्यास एप्रिलअखेर त्यांची नेमणूक संपेल.

श्री. ढमाले सव्वीस वर्षांचे आहेत. याच खोऱ्यातले, त्यांच्या आजोबांची भातखाचरे धरणाच्या पाण्याखाली आहेत. कोळवणला मामांकडे राहून शिकले, पुढे पुण्यास बी.एस्सी. झाले. ते येण्यापूर्वी अकरावीचे पदार्थविज्ञान मी शिकवीत असे. जून १९५८ मध्ये संस्थेने तो विषय त्यांच्याकडे दिला आणि पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका काढणे तेवढे माझ्याकडे ठेवले. त्यांच्या तासाला वर्गातून हसण्याचा आवाज येतो. माझ्या तासाला तो कधी आला नाही. हे मी तक्रार म्हणून नव्हे, निरीक्षण म्हणून लिहितो. शिवाय ते वह्या हिरव्या शाईने तपासतात. लाल शाईचा नियम मी दोनदा लेखी कळवला. "लाल रंगाला पोरं बिचकतात, सर," असे उत्तर मिळाले.

अहवालाची घाई नाही. अडीच महिने आहेत.


रविवार, १५ जानेवारी

संक्रांत झाल्यावर वत्सलेची पातळे सगुणाबाईस द्यावीत असे ठरवले होते. सगुणाबाई आमच्याकडे पाणी भरते, भांडी घासते, दळण-निवडण करते; बारा वर्षे झाली. तिच्यासमोर मी ट्रंक उघडली. एकेक पातळ घेताना ती डोळ्याला लावत होती. ते पाहणे मला अवघड झाले, म्हणून मी ट्रंकेच्या तळाकडे पाहत राहिलो. तिथे एक वही होती. शंभर पानी, पुठ्ठ्यावर तपकिरी कागद चढवलेली, कडा कात्रीने नीट कापलेल्या. मला वाटले लोणच्यांची प्रमाणे असतील, किंवा मंगळागौरीची गाणी.

पहिल्या पानावर तिच्या हस्ताक्षरात एकच ओळ होती: "चंद्र खाली का पडत नाही?" पान उलटल्यावर:

"उदाहरण १. सगुणाबाई तीस पौंडांचा भरलेला हंडा पंचवीस फूट खोल विहिरीतून वर ओढते. कार्य किती?"

खाली उत्तर: सातशे पन्नास फूट-पौंड. आणि उत्तराशेजारी हिरव्या शाईत बरोबरची खूण.

सगुणाबाई म्हणाली, "मोटं गुरुजी, ह्ये जरीचं बी द्यायाचं का ठिवायचं?" मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. ते पातळ आता ट्रंकेत नाही.


सोमवार, १६ जानेवारी

शाळेत अकरावीच्या वह्या मागवून घेतल्या. शाई तीच. बरोबरच्या खुणेचे शेपूट वर नेऊन किंचित आत वळवण्याची लकबही तीच.

वहीत एक्केचाळीस उदाहरणे आहेत. प्रत्येकावर तिथी-तारीख घातलेली आहे, हे तिच्या स्वभावाला धरूनच. पहिले ८ नोव्हेंबर १९५८ चे, शेवटचे २७ ऑगस्ट १९६० चे. मी तारखा पंचांगाशी ताडून पाहिल्या. बहुतेक सर्व दुसरे व चौथे शनिवार आहेत. दुसऱ्या व चौथ्या शनिवारी मी संस्थेच्या सभेसाठी सकाळच्या एस.टी.ने पुण्यास जातो आणि दिवेलागणीस परततो.

श्री. ढमाले आज मधल्या सुट्टीत विहिरीच्या कठड्यावर बसून भाकरी खात होते. उंच आहेत. दात पांढरेशुभ्र आहेत. या गोष्टी मी यापूर्वी कधी पाहिल्या नव्हत्या.


शनिवार, २१ जानेवारी

सगुणाबाईस विचारणे मला कमीपणाचे वाटत होते. पाच दिवस टाळले. आज विचारले. तिचे शब्द जसेच्या तसे उतरवतो, कारण त्यांचा अर्थ लावताना मी निःपक्षपाती राहीन याची मला खात्री नाही.

"मी पुण्यास जात असे तेव्हा ढमाले मास्तर इथे येत असत काय?"

"यायचं की."

"कोणत्या दाराने?"

"कोनत्या म्हंजी? म्होरल्या. लपून कशापायी येत्याल? वसरीवर बसायचं. बाई उंबऱ्याच्या आत, मास्तर भाईर, आन मी मदी, तांदूळ निवडीत."

"किती वेळ?"

"दोन सुपं निवडून व्हईस्तवर."

"काय बोलणे होई?"

"मला काय उमजतंय त्यातलं? एक डाव मास्तर म्हनलं, सगुणाबाय, हंडा हिरीतनं वर वढलास की काम झालं. पर त्योच हंडा डोईवर घिऊन तासभर हुबी ऱ्हायलीस तर काम न्हाई. म्या म्हनलं, आसं व्हय? मंग मास्तर, तुमी घ्या डोईवर. तासाभरानं ईचारते काम झालं का न्हाई."

"मग?"

"घेतला की त्यांनी. घटकाभर बी धड हुबं ऱ्हायलं न्हाईत. समदा सदरा भिजला. बाई आश्या हसल्या, आश्या हसल्या, पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबंना. तितकं हसल्यालं म्या त्यास्नी कवा बघितलं न्हवतं."

मी म्हणालो, "हे मला का सांगितले नाही?"

"तुमी कवा ईचारलं?" ती म्हणाली आणि राख घेऊन भांड्यांकडे गेली.

एकवीस वर्षांच्या संसारात ती हसताना मी अनेकदा पाहिली आहे. तोंडात पदर कोंबण्याइतकी नाही.


रविवार, २२ जानेवारी

ही उदाहरणे मी स्वतः सोडवून पाहण्याचे ठरवले आहे. दर रविवारी पाच, क्रमाने. आधी पुढची पाहावयाची नाहीत. मी हे तिच्या स्मृतीसाठी करतो आहे असे लिहिले होते. ते खोडले आहे. मी चुका शोधतो आहे. एखादे चुकलेले उदाहरण त्यांनी बरोबर ठरवले असेल तर तेवढे मला पुरे आहे.

पहिली पाच निर्दोष आहेत. तिसऱ्याखाली हिरव्या शाईत "छान" असे लिहिले आहे. मी तेवीस वर्षे वह्या तपासतो आहे. "ठीक" याच्या वर मी कधी गेलो नाही, कारण त्या शब्दाला काही किंमत राहिली पाहिजे.

चंद्राचा प्रश्न मला आठवतो. १९४९ सालची कोजागरी. दूध देताना तिने विचारले होते, "एवढं मोठं धूड वर आहे, ते खाली का नाही पडत?" मी तिला योग्य तेच सांगितले: हे समजण्यास आधी बीजगणित हवे, बीजगणितास अपूर्णांक पक्के हवेत, आणि तिचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे, तेव्हा तो प्रश्न तिने सोडून द्यावा हे बरे. तिने पुन्हा कधी विचारले नाही. त्यावरून ती जिज्ञासा क्षणिक होती, असा माझा ग्रह झाला.


रविवार, ५ फेब्रुवारी

उदाहरण १३. ताम्हिणीच्या दोनशे छप्पन्न फूट उंच कड्यावरून दगड सुटला. पायथ्याशी पोहोचताना त्याचा वेग किती?

मी गतीच्या समीकरणांनी आधी काळ काढला, मग वेग. नऊ ओळी. उत्तर सेकंदास एकशे अठ्ठावीस फूट. मग तिचे पान उघडले. तिच्या तीन ओळी आहेत. वर दगडापाशी जेवढी ऊर्जा उंचीची होती, तेवढीच खाली वेगाची झाली, असे लिहून तिने दोन्ही बाजू समोरासमोर मांडल्या आणि दगडाचे वजन दोन्हीकडून कापून टाकले. खाली लिहिले आहे: "म्हणजे दगड केवढाही असो. जड असण्याचा पडण्याशी काही संबंध नाही."

हिरव्या शाईत: "फारच छान. मीसुद्धा लांबच्या रीतीने केले होते."

म्हणजे त्यांच्याही नऊ ओळी झाल्या होत्या. याने मला समाधान वाटावयास हवे होते. वाटले नाही. त्यांनी ते कबूल केले, तिच्यापाशी, इतक्या सहज.

दुपारी पान वाढून घेतले. जेवण गेले नाही.


सोमवार, १३ फेब्रुवारी

पूर्वपरीक्षेचे निकालपत्रक तयार होत असताना श्री. ढमाले कार्यालयात आले.

"सर, सातव्या प्रश्नाचं जरा बघायचं होतं."

"काय बघायचे?"

"आपण दिलेल्या आदर्श उत्तरात पाच लाख ज्यूल आहे. ते एकोणपन्नास लाख येतं."

प्रश्न असा होता: तळ्यातील एक हजार किलोग्रॅम पाणी पाचशे मीटर खाली उतरते, त्यापासून किती ऊर्जा मिळेल? या तालुक्यात पाणी म्हटले की धरणाचे तळे आणि त्याखालचे कोकणातले वीजघर डोळ्यांपुढे येते, म्हणून असे उदाहरण दर वर्षी कोणीतरी घालतोच. गेल्या जूनपासून पौंड जाऊन किलोग्रॅम आले, एवढाच यंदा फरक.

मी म्हणालो, "हजार गुणिले पाचशे. पाच लाख. चौथीतला गुणाकार आहे, ढमाले."

"गुणाकाराचं काही नाही, सर. पण किलोग्रॅम हे—"

"तुम्ही धुळाक्षरे गिरवीत होता तेव्हापासून मी हे उदाहरण शिकवतो आहे."

"व्हय, सर. पण तेव्हा ते पौंडात होतं."

"व्हय" हा शब्द शिक्षकाच्या तोंडी शोभत नाही, हे मी त्यांच्या नजरेस आणले. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "चुकलं. पण सर, सोळा पोरांनी एकोणपन्नास लाख लिहिलंय. त्यांचे गुण जातील."

"सोळा डोक्यांना एकच चूक आपोआप सुचत नाही," मी म्हणालो. "ती शिकवावी लागते."

सोळाही उत्तरपत्रिकांवर मी स्वतः, लाल शाईने, शून्य दिले. श्री. ढमाले उभे राहून पाहत होते.  जाताना दार हळू लावले. आपटले असते तर मला ते रोजनिशीत नोंदवता आले असते.


मंगळवार, १४ फेब्रुवारी

अहवालाचा कच्चा मसुदा केला. "सदर शिक्षक विद्यार्थ्यांत लोकप्रिय होण्याच्या मागे असून वरिष्ठांच्या अधिकाराचा मान राखत नाहीत. विद्यार्थ्यांना प्रश्नपत्रिका काढणाऱ्याच्या विरुद्ध उत्तरे पढवतात. सेवेत कायम करण्याची शिफारस करता येत नाही."

वाक्यरचना निर्दोष आहे. चार वेळा वाचली. प्रत्येक वेळी समाधान थोडे कमी झाले, पण संपले नाही.


गुरुवार, २ मार्च

होळीची सुट्टी. काल गावात बोंबा चालल्या होत्या. आज दुपारी बाजारातून येताना श्री. ढमाले रस्त्यावर भेटले, अंगावर रंग, बरोबर त्यांची मावळी मंडळी. त्यांच्या बोलीत मोठ्याने काही सांगत होते आणि सर्व हसत होते. मला पाहताच बोली बदलली. "नमस्कार, सर. थोडा गुलाल?" मी म्हणालो, मला सुतक आहे. ते शरमले. वास्तविक सुतक सप्टेंबरातच फिटले. मी खोटे बोललो, हे मला मागाहून, घराचे कुलूप काढताना कळले.

तीस उदाहरणे तपासून झाली. चूक सापडलेली नाही. "छान" हा शब्द आतापर्यंत नऊ वेळा.


रविवार, १२ मार्च

जे घडले ते क्रमाने लिहितो.

मागच्या रविवारी पस्तिसावे उदाहरण झाले. छत्तिसाव्यापासून तिची मापे बदललेली आहेत. जून १९६० पासून शाळेत आली तशी. छत्तीस व सदतीस ही फूट आणि मीटर यांचीच आहेत. अडतिसावे, ९ जुलै १९६०: एक हजार किलोग्रॅम पाणी, पाचशे मीटर. माझ्या प्रश्नपत्रिकेतलाच प्रश्न, माझ्याआधी सात महिने.

तिने प्रथम लिहिले आहे: पाच लाख. माझेच उत्तर. ते एका सरळ रेघेने खोडलेले आहे. शेजारी हिरव्या शाईत एवढेच: "वजन की वस्तुमान?" त्याखाली तिचे दुसरे उत्तर: एकोणपन्नास लाख ज्यूल. बरोबरची खूण. आणि पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात:

"पौंड लिहितो तेव्हा ते वजन असते. पृथ्वीची ओढ त्यात आधीच धरलेली असते. किलोग्रॅम म्हणजे नुसता जिन्नस. ओढ आपण घालायची, ९.८ ने गुणून. पौंडात शिकलेला माणूस नेमका इथे चुकणार."

आणि त्याहून बारीक: "यांना सांगावे का? आत्ता नको. परीक्षा झाल्यावर."

मी पाटी घेऊन तीनदा उदाहरण केले. पहिल्यांदा मीच बरोबर ठरावे म्हणून, दुसऱ्यांदा रागाने, तिसऱ्यांदा नीट. एकोणपन्नास लाख. माझे उत्तर चूक आहे. फूट-पौंडांच्या सवयीने मी तेवीस वर्षे वजन आणि वस्तुमान यांतील भेद केवळ व्याख्येपुरता शिकवीत आलो. उदाहरणात त्याची गरज मला कधी पडली नव्हती.

मी कुठे चुकेन हे मराठी चौथी शिकलेल्या बाईला जुलैमध्ये माहीत होते. मला फेब्रुवारीतही माहीत नव्हते, आणि ज्याला होते त्याला मी बोलू दिले नाही.

"परीक्षा झाल्यावर" असे तिने का लिहिले? शाळेची सहामाही असावी. त्या दिवसांत मी घरी चिडचिडा असतो.

आतापर्यंत मला श्री. ढमाले यांचाच हेवा वाटतो आहे अशी माझी समजूत होती. आज प्रथम तिचाही वाटला. मृत माणसाचा हेवा करता येतो हे मला ठाऊक नव्हते.


सोमवार, १३ मार्च

सूचनाफलकासाठी मजकूर लिहिला: "पूर्वपरीक्षा, पदार्थविज्ञान, प्रश्न ७. आदर्श उत्तर चुकीचे होते. चूक प्रश्नपत्रिका काढणाऱ्याची आहे. सोळा विद्यार्थ्यांचे कापलेले गुण परत देण्यात येत आहेत. मुख्याध्यापक."

शिपाई नथूने कागद हातात घेऊन ओठ हलवत वाचला. "सायेब, ह्ये खरंच लावायचं?"

"लाव."

"वर लावू का खाली? खाली लावलं तर गर्दीत दिसायचं न्हाई."

"वाचता येईल असे लाव."

त्याने खिळा मधोमध ठोकला. श्री. ढमाले व्हरांड्यातून गेले, थांबून वाचले आणि वर्गात गेले. हसले नाहीत. हसले असते तर त्यांच्याविषयीचे माझे मत टिकवणे सोपे झाले असते.


शनिवार, १८ मार्च

काल पाडवा झाला. आज श्री. ढमाले यांना घरी बोलावले. कार्यालयात नको, कारण विषय कार्यालयीन नाही. ते आले आणि ओसरीवर एका विशिष्ट जागी, खांबाला पाठ लावून बसले. बसल्यावर एकदम उठले आणि दुसरीकडे बसले. मला ते कळले, हे त्यांनाही कळले.

मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उघडली नाही.

"मला सत्य हवे आहे," मी म्हणालो. "गोडी लावून नको."

"पहिल्या दिवशी मी हजेरीपटाच्या कपाटाची किल्ली द्यायला आलो होतो, सर. आपण पुण्याला होता. बाईंनी दारातच विचारलं, मास्तर, चंद्र का पडत नाही? मी म्हणालो, पडतोय की. सारखा पडतोय. पण पडता पडता पुढंही जातोय, म्हणून पृथ्वी हुकते त्याची. अंगणातला खडा घेऊन दाखवलं. हळू फेकला की इथं पडतो, जोरात फेकला की लांब. आणखी जोरात, आणखी लांब. शेवटी इतका जोरात की पडायला जमीनच सापडत नाही."

"मग?"

त्यांनी वहीच्या पुठ्ठ्याची कड बोटाने सरळ केली.

"सांगा."

"त्या म्हणाल्या, एवढंच? आणि यासाठी मी नऊ वर्षं थांबले."

घरात सगुणाबाई निवडीत होती. सुपाचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

मी म्हणालो, "मला विचारा, असे तुम्ही का सांगितले नाही?"

"सांगितलं होतं, सर. तिसऱ्या का चौथ्या खेपेला."

"त्यावर?"

"माझ्या तोंडानं नको, सर."

"ढमाले."

त्यांनी उपरण्याने मान पुसली. "म्हणाल्या, त्यांना विचारलं की उत्तर मिळत नाही. मला काय काय येत नाही त्याची यादी मिळते."

 मग ते स्वतःहून बोलले, आणि बोलताना त्यांची भाषा हळूहळू गावाकडे गेली. मी ती दुरुस्त केली नाही.

"त्यांना मार्चच्या शालान्त परीक्षेला बसायचं होतं. बाहेरून. बाकीच्या विषयांची त्यांनी एकटीनंच तयारी चालवली होती. अर्ज म्या आणून ठेवला होता. त्यावर मुख्याध्यापकाची सही लागती. म्या म्हनलं, घरी आल्यावर घ्या सरांची. तर म्हनल्या, घरी न्हाई. नेसून-सवरून शाळेत जाईन, नथूला वर्दी द्यायला लावीन, बाकीची पोरं उभी ऱ्हातात तशी कार्यालयात उभी ऱ्हाईन आन सही मागीन. बघूया, काय म्हणतात ते." ते थांबले. "त्या दिवसाची लई वाट बघत होत्या, सर. त्यावरच हसायच्या जास्त."

"माझ्यावर हसत असत?"

"तुमचं तोंड कसं होईल त्यावर."

मी विचारले, ती हुशार होती काय. प्रश्न विचारून झाल्यावर मला त्याची लाज वाटली. एकवीस वर्षांनी तो मी एका परक्या तरुणाला विचारत होतो.

"माझ्यापेक्षा," ते म्हणाले.

अहवालाबद्दल त्यांनी एक अक्षर काढले नाही. मीही काढले नाही. पण जाताना पायऱ्यांवर म्हणाले, "आईला अजून सांगितलं नाही एप्रिलचं. कळलं की आधी सांगा, म्हणजे मला कोळवणला निरोप धाडता येईल." त्यांना माझा मसुदा माहीत नाही. तरी त्यांनी उत्तर गृहीत धरले आहे. माझ्याविषयीचा हा अंदाज त्यांचा स्वतःचा, की तिच्या बोलण्यावरून बांधलेला, हे मी दिवसभर ठरवू शकलो नाही.


रविवार, १९ मार्च

शेवटचे उदाहरण, एक्केचाळिसावे. २७ ऑगस्ट. दोन गोळ्यांमधील अंतर दुप्पट केले तर त्यांची एकमेकांना ओढण्याची शक्ती किती उरेल? तिचे उत्तर: "चौथाई. तिप्पट केले तर नवमांश. कितीही लांब नेले तरी शून्य होत नाही."

इथे हिरवी खूण नाही. सोमवारी तिला ताप भरला; पुढचा दुसरा शनिवार आला तेव्हा तिला शुद्ध नव्हती, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. हे पान कोणी तपासलेले नाही.

मी तपासले. रीत बरोबर, उत्तर बरोबर. लाल शाईची दौत काढली. "ठीक" लिहिण्यासाठी टाक टेकवला आणि उचलला. "छान" लिहिणे मला शक्य झाले नाही. तो शब्द त्यांचा आहे, नऊ-दहा वेळा वापरलेला, आणि मी तो लिहिला असता तर नक्कल दिसली असती. शेवटी नुसती खूण केली.

चाळीस त्यांची, एक माझे. हे प्रमाण आता बदलता येण्यासारखे नाही.


गुरुवार, ३० मार्च

उद्या सुट्टी, टपाल आजच गेले पाहिजे. सकाळी दार लावून अहवाल भरावयास बसलो. फेब्रुवारीचा मसुदा समोर ठेवला होता. खरे सांगावयाचे तर शेवटपर्यंत तो मी फाडला नव्हता. श्री. ढमाले एप्रिलअखेर गेले तर ओसरीवरची ती जागा मला रोज कोणाच्या चालण्या-बोलण्यातून आठवणार नाही, हा विचार आज सकाळीसुद्धा मनात होता, आणि तो सुखाचा होता.

पहिले पाच रकाने सरळ आहेत. वक्तशीरपणा, उपस्थिती, वर्तन वगैरे. लिहिण्यासारखा दोष असता तर मी लिहिला असता.

सहावा: "अध्यापनक्षमता. पुराव्यासह." पुरावा हा शब्द छापणाऱ्याने सहज छापला असेल. मी नियमाप्रमाणे पुरावा शोधू लागलो. शालान्त परीक्षेचा निकाल अद्याप लागलेला नाही. पूर्वपरीक्षेत माझेच उत्तर चुकले. तेव्हा माझ्यापाशी मी स्वतः तपासलेला पुरावा एकच होता. मी लिहिले:

"श्री. ढमाले यांनी मराठी चौथी उत्तीर्ण असलेल्या एका प्रौढ विद्यार्थिनीस, कोणताही मोबदला न घेता, बावीस महिन्यांत शालान्त परीक्षेच्या पदार्थविज्ञानापर्यंत आणले. तिची एक्केचाळीस उदाहरणे मी स्वतः सोडवून ताडून पाहिली. एकही अंतिम उत्तर चुकीचे नाही. ज्या उदाहरणात मी चुकलो, त्यात तिने आपली चूक स्वतः सुधारलेली आहे. विद्यार्थिनीचे नाव: वत्सला." आडनावाशी थांबलो. मग तेही लिहिले. ते माझेच असल्यामुळे संस्थेत कोणाला शंका राहणार नाही.

सातवा, आठवा: शिफारस. "सेवेत कायम करावे."

नववा रकाना: "अहवाल लिहिणाऱ्याचे सदर शिक्षकाशी नाते, हितसंबंध अथवा वैमनस्य असल्यास नमूद करावे." चौदा वर्षांत मी असे अकरा अहवाल भरले. या ठिकाणी दर वेळी "निरंक" लिहिले, आणि दर वेळी ते खरे होते. आजही हाताने सवयीने "नि" काढला. शिफारस अनुकूल असताना इथे काही लिहिण्याची आवश्यकता नाही, असा युक्तिवाद मी स्वतःशी केला. परंतु रकान्यात शिफारस अनुकूल की प्रतिकूल असे विचारलेले नाही. "नि" खोडला, खोडल्याजागी आद्याक्षरी सही केली आणि लिहिले:

"होय. सदर शिक्षकाविषयी माझ्या मनात मत्सर आहे. कारण खाजगी असून त्यात त्यांचा कोणताही दोष नाही. मत्सर आजही आहे. वरील अभिप्राय तो धरून वाचावा."

लिफाफा बंद करून नथूकडे दिला. दहाची गाडी त्याला मिळाली.

गोपनीय अहवालाची दुसरी प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी असा नियम आहे, आणि ती कारकुनाकडून उतरवून घेता येत नाही. म्हणून लिफाफा देण्यापूर्वी ते वाक्य मला स्वतःच्या हाताने पुन्हा लिहावे लागले होते. दुसऱ्या वेळी अक्षर चांगले आले.